डाव्या टायरची हवा

गेल्या मोसमात माझ्या धाकट्या भावाच्या फवाऱ्याच्या टायरात किती हवा आहे, ते कुणीही मला विचारावं. घाटकोपरला एलबीएस रोडवर टायरच्या दुकानात स्टुलावर बसून मी सांगायचो. फवारा तिकडे देवगडच्या अलीकडे, कातळावरच्या आमच्या आंब्याच्या बागेत. छोट्या ट्रॅक्टरमागे औषधाच्या पाण्याची मोठी टाकी, तिच्यावर पंप, खाली दोन चाकं. डावं नि उजवं. दोन्हींची हवा माझ्या मोबाईलवर दिसायची. आकडा हिरवा असला तर ठीक, लाल झाला की मी फोन लावणार. नातेवाईक म्हणायचे, थोरला बघा भावाची किती काळजी करतो! काळजी कसली डोंबलाची. जळत होतो मी. उगाच साखर लावून सांगण्यात काय अर्थ आहे?

बाबा गिरणी सुटल्यावर बरीच वर्षं एका सोसायटीत वॉचमन होते. ते थकले, मग आई गेली, आणि त्यांनी गावाला जायचं काढलं. म्हातारा माणूस एकटा कसा राहणार? माझी मुलं शाळेत, दुकान शेटचं असलं तरी सगळं माझ्या जिवावर. धाकटा सडाफटिंग, कुरियरची नोकरी नुकतीच सुटलेली, दिवसभर असल्फ्याच्या नाक्यावर उभा. म्हटलं, तू जा रे. मी पाठवला म्हणूनच तो गेला, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

आणि गेला तर काय, दोन-तीन पावसाळ्यांत बागायतदार झाला! ज्याला कुंडीतली तुळस जगवता येत नव्हती, त्याने पडीक बाग साफ केली, जुन्या कलमांची छाटणी केली, ट्रॅक्टर आणला, फवारा आणला. गावात लोक त्याला मान देऊन हाक मारायला लागले. बरं, एवढ्यावर थांबतंय कुठे? मी बाबांना फोन करावा, तर पलीकडून आरतीच सुरू.

"धाकल्यान आज वरची बाजू पुरी फवारून काढल्यान. मोहोर बघशीत तर डोळे निवतले. एकटो माणूस, किती करता तो!"

मी काय करतो इथे? मी काय दिवसभर झोपा काढतो? ट्रकची चाकं उचलून उचलून माझा गुडघा गेलाय. पण ते कोण विचारतो. मी "हो का, बरं झालं" म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर पुढच्या गिऱ्हाइकावर खेकसायचो. हळूहळू मी फोनच कमी केले. कामाशिवाय कशाला करायचा? धाकट्याचं कौतुक ऐकायला?

मग एक दिवस आमच्या घरच्या ग्रुपवर फोटो आला. धाकटा ट्रॅक्टरवर, डोक्याला टॉवेल, मागे फवारा, चहूबाजूंनी मोहोराने पिवळी झालेली कलमं. खाली सगळ्यांचे अंगठे, फुलं, 'झकास रे', 'एक नंबर', 'मामांचं नाव काढलंस'. मी फोटो मोठा केला. बाकीचे मोहोर बघत होते, मी टायर बघितला. डाव्या टायरची बाजू खाली फुगून जमिनीला टेकली होती. टाकी भरलेली आणि हवा अर्धी. कातळावर जांभ्याचा दगड टोकदार असतो, अशी फुगलेली बाजू एकदा घासली की टायर गेलाच समजा. आणि उतारावर भरल्या टाकीसकट टायर रिममधून निसटला तर फवारा आडवा, सगळं औषध कातळावर.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! एवढा मोठा बागायतदार आणि टायरात हवा नाही. मी लगेच ग्रुपवर लिहिलं, डावा टायर बघ, वाट लागेल. कुणी एक अंगठाही दिला नाही.

पण मला रस्ता सापडला होता. आमच्या दुकानात तेव्हा नुकतीच ती टोप्यांसारखी वस्तू यायला लागली होती. टायरच्या व्हॉल्व्हची टोपी काढायची, तिच्या जागी ही फिरवून बसवायची. ती हवा मोजते, जवळ ठेवलेल्या डब्याला कळवते, डब्यात सिमकार्ड, डबा जगात कुठेही कळवतो. मोठ्या गाड्यावाले घेतात. मी त्यातल्या दोन टोप्या आणि एक डबा घेतला, गणपतीत गावी गेलो तेव्हा स्वतः बसवला आणि धाकट्याला बजावलं, "झाडं तुझी, टायर माझे. हवेच्या बाबतीत मी सांगेन तसं करायचं."

तो हसला. "बरं दादा."

त्याचं ते "बरं दादा"सुद्धा मला लागलं. पण बाबा बाजूला उभे होते आणि त्यांनी ती टोपी बोटाने हळूच दाबून बघितली. म्हणाले, "म्हणजे तुका घाटकोपरात बसान ह्यां दिसतलां?" मी म्हटलं, "सगळां दिसतलां." त्या दिवशी मला झोप छान लागली.

मोहोर सुरू झाला आणि माझी ड्युटीही. टाकी भरली की हवा जास्त लागते, रिकामी टाकी ओढताना तेवढी नको. हवा फार असली तर टायर दगडावरून उड्या मारतो, टाकी हिंदकळते, शिवाय टणक टायर झाडाच्या मुळांवरची माती दाबतो. कमी असली तर बाजू फुगते. हवा मोजायची सकाळी, टायर थंड असताना. दुपारी चाललेला टायर तापतो, आकडा आपोआप वर जातो. तेव्हा घाबरून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर बसलेला. हे सगळं मी धाकट्याला फोन करून करून सांगितलं. तो झाडावर चढलेला असो की जेवत असो. "दादा, कळलं रे," म्हणायचा. मग फोन उचलणंच त्याने कमी केलं.

बायको म्हणाली, "सवतीवरसुद्धा कुणी एवढी पाळत ठेवत नाही हो! उंटावरून शेळ्या हाकणं बंद करा."

"टायर फुटला तर?"

"टायरचं सोडा. तुमच्या पोटात दुखतंय, ते बघा."

तिला काय जातंय बोलायला. तिची बहीण डोंबिवलीला चाळीत राहते, हिला जळायला कारणच नाही.

मोहोराला कणी, म्हणजे बारीक फळ, धरायला लागली तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी चहा पीत होतो आणि मोबाईल वाजला. डाव्याचा आकडा लाल. धाकट्याला लावला, उचलला नाही. मग बाबांना लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"डावो टायर बसलो, बाबा. धाकल्याक सांगा हवा भरूक."

"हां हां, भरतंय. चाय घेतलंस?"

"घेतंय आता."

"गुडघो कसो आसा तुझो? तां तेल लावतंस मा?"

"लावतंय. बाबा, गिऱ्हाईक आसा, ठेवतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आकडा हिरवा. मला इतकं बरं वाटलं की मी शेटलाही दाखवलं. बघा, आमची बाग इथून चालते! तीन-चार दिवसांनी पुन्हा संध्याकाळी डावा लाल. पुन्हा फोन, पुन्हा बाबा, पुन्हा सकाळी हिरवा. मग हे चालूच झालं. मला वाटलं, व्हॉल्व्हमधून बारीक हवा जातेय. धाकट्याला मेसेज केला, व्हॉल्व्हवर थुंकी लावून बघ, बुडबुडा येतो का. त्याने नुसता नमस्काराचा हात पाठवला.

बाबा मात्र प्रत्येक वेळी लांबण लावायचे. मुलगी कितवीत गेली, मेट्रोला गर्दी असते का, शेजारच्या म्हातारीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का. आणि मध्ये मध्ये धाकट्याची आरती ठरलेली. आज धाकल्यान ह्यां केल्यान, आज त्यां केल्यान. मी टायरचं सांगून मोकळा व्हायचो. मनात म्हणायचो, तुमच्या लाडक्याचा टायर मी इथून सांभाळतोय, त्याबद्दल एक शब्द निघेल तर शपथ.

एका दुपारी दुकानात काम नव्हतं. ऊन असं की एलबीएसचं डांबर चिकटत होतं. आदल्या संध्याकाळी बाबांनी सांगितलं होतं की उद्या तुडतुड्यांवर औषध मारायचंय, धाकटा उजाडल्यापासून फवारणार. मी मोबाईल काढला. डावा, उजवा, दोन्ही सकाळी होते तिथेच. एक काटाही वर नाही.

असं होत नाही. आख्खी हयात टायरात गेली माझी. कातळावर उन्हात भरली टाकी घेऊन चाललेला टायर तापतो म्हणजे तापतो. हे टायर सावलीत निवांत पडल्यासारखे होते. मी मागचे दिवस बघितले. एकाही दुपारी आकडा चढलेला नाही. उतरायचा तो फक्त डावा, आणि तोही फक्त संध्याकाळी, चहाच्या वेळेला. पंक्चरला काय घड्याळ कळतं?

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे टोप्या फवाऱ्यावर नव्हत्याच! त्याने त्या काढून दुसऱ्याच कुठल्या टायरांना लावल्या होत्या आणि मी इथे येड्यासारखा आकडे बघत बसलो होतो. संध्याकाळी मुद्दाम हवा सोडायची, दादाचा फोन आला की हसायचं. बापलेक मिळून हसत असतील. मला झाडं तर दिली नाहीतच, टायरही खोटे दिले. त्या दिवशी मी एका रिक्षावाल्याशी इतका भांडलो की शेट म्हणाला, घरी जा.

फोनवर मी काही बोललो नाही. ठरवलं, तोंडावर विचारायचं. आंबा सुरू झाला, आणि धाकटा पहिल्या पेट्या घेऊन वाशीला येणार होता. आला. मार्केट उरकून संध्याकाळी पिकअप घेऊन थेट दुकानावर. काळा पडला होता, वाळला होता, पण ऐटीत उतरला. गाडीतून माझ्यासाठी एक पेटी काढली. मी पेटीकडे बघितलंही नाही.

"फवाऱ्याच्या टोप्या कुठे आहेत?"

तो पेटी हातात घेऊन तसाच उभा. "कोणी सांगितलं तुला?"

"मला कोण सांगणार? मी टायरवाला आहे. मला काय समजतोस तू? एवढा जड झालो होतो तर तोंडावर सांगायचं ना, दादा, नाक खुपसू नकोस. मी नसतं खुपसलं. हे असं पाठीमागे नाटक कशाला? हवा सोडतोस काय, भरतोस काय. मजा वाटते ना माझी?"

"दादा, हळू बोल."

"का हळू बोलू? सगळं तुझंच आहे. बाग तुझी, बाबा तुझे. मी दोन टायर मागितले होते, तेही तुला बघवले नाहीत!"

दुकानातली माणसं बघायला लागली. त्याने पेटी खाली ठेवली. त्यालाही राग चढला होता.

"काढल्या मी टोप्या. हो, काढल्या! तुझ्या फोनांना कंटाळून काढल्या. मी रोज सकाळी गेज लावून हवा बघतो, टाकी भरायच्या आधी बघतो. एक टायर गेला नाही माझा. टोप्या, डबा, सगळं तुला कुरियरने परत पाठवणार होतो. बाबांनी हातातून काढून घेतलं."

"बाबांनी?"

"मांगरात, अवजारांच्या खोपीत, ट्रॉलीचे दोन जुने टायर पडलेत. त्यांना त्यांनी लावल्या. म्हणाले, त्याका सांगू नको, त्याका वाईट वाटतलां."

"आणि हवा कोण सोडतं?"

तो काही बोलणार, तेवढ्यात माझ्या खिशात मोबाईल वाजला. मी काढला. डावा, लाल.

धाकटा माझ्यासमोर उभा होता. त्याचे दोन्ही हात रिकामे होते. गावाला घरात बाबांशिवाय कुणी नव्हतं.

"तूच बघ आता कोण सोडतं ते," धाकटा म्हणाला. "चहा झाला की मांगरात जातात. टोपी काढतात, खिळ्याने हवा सोडतात, टोपी परत लावतात आणि तिथेच टायरवर फोन घेऊन बसतात. तुझा फोन येतो. सकाळी सायकलच्या पंपाने भरतात. धाप लागते, तरी मला हात लावू देत नाहीत. मी एकदा विचारलं, बाबा, ह्यां कित्याक? तर म्हणाले, हवा गेली की त्याचो फोन येता."

मी स्टुलावर बसलो. गुडघा दुखत होता म्हणून असेल.

खोटं कशाला सांगू, आधी मला बरं वाटलं. धाकट्याचा चेहरा बघून तर आणखीच बरं वाटलं. कारण तो काही सहज सांगत नव्हता.

"दिवसभर मी समोर असतो रे," तो म्हणाला. "माझ्याशी काय बोलतात? पंप बंद केलास काय, औषध संपलं काय. बस. माझं कौतुक तुझ्याकडे करतात ना? माझ्या तोंडावर आजवर एक शब्द नाही. मला तुझंच ऐकवतात. थोरल्याक मुंबयत बसान टायर दिसता. थोरल्यान एकट्यान चार माणसांचो संसार केल्यान. कधी कधी वाटतं, तो डबा उचलावा आणि विहिरीत टाकावा."

"मग टाकायचास ना."

"ते रात्री जेवले नसते."

समोरून बस गेली, तिच्या मागच्या टायरात हवा कमी होती. हातातला मोबाईल पुन्हा वाजला. लाल.

"लाव फोन," धाकटा म्हणाला. "वाट बघत बसले असतील."

मी लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"डावो बसलो मा?" आवाजात अशी लगबग, आधीच उठून पंप हातात घेतल्यासारखी.

मला तो टायर तोंडातून काढायचाच नव्हता. इतक्या दिवसांत मी त्या माणसाला टायरशिवाय एक प्रश्न विचारला नव्हता. म्हटलं, "नाय बाबा. टायर बरो आसा."

"नीट बघ. डावो कमी झालो असतलो."

"बरो आसा. टायराचां काय नाय. असोच फोन केलंय."

पलीकडे मांगराच्या कौलांवर कावळा ओरडला तेवढा ऐकू आला.

"असोच?"

"हां. म्हटलां बाबा काय करतत बघूया."

"धाकलो पोचलो मा तुझ्याकडे?"

"पोचलो. ह्यो बघा, बाजूकच आसा."

"मगे पोरां? पोरां बरी आसत?"

"बरी आसत."

"सून?"

"ती पण बरी आसा, बाबा."

"मगे तू फोन कित्याक केलंस?" त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. "माझ्यापासून लपवू नको रे. मी म्हातारो झालंय, पण ऐकतलंय. खरां सांग, कोणाक काय झालां?"

कुणाला काहीही झालेलं नाही, हे त्यांना पटवता पटवता दुकानाचं शटर ओढायची वेळ झाली.